बंदुका आणि खून : दोन रकान्यांच्या कोष्टकाची साधनचिकित्सा

ज्या देशांत प्रजेच्या घरीं बंदुका अधिक, त्या देशांत खूनही अधिक होतात काय, हा प्रश्न गेलीं पन्नास-साठ वर्षें अमेरिकेंत व यूरोपांत मोठ्या हिरिरीनें लढविला जात आहे. उभय पक्षांचा पुरावा एकाच तऱ्हेचा असतो. एका कागदावर देशांचीं नांवें मांडावयाचीं, त्यांच्यापुढें एका रकान्यांत दर शंभर माणसांमागें बंदुका किती, व दुसऱ्यांत दर लाख वस्तीमागें वर्षास खून किती, हें लिहावयाचें. मग एका पक्षानें अमेरिकेच्या ओळीवर बोट ठेवावयाचें व दुसऱ्यानें रशियाच्या. कायदा कसा असावा हें सांगणें या त्रैमासिकाचें काम नव्हे, व तें आम्ही करीतही नाहीं. परंतु कोष्टक हाही एक कागदच आहे. कागद पुढें आला कीं तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कशावरून उतरला, आणि लिहिणारास तें ठाऊक असण्याचा संभव किती, हे प्रश्न विचारणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यवसाय होय. त्याच दृष्टीनें या वादांतील साधनें येथें तपासावयाचीं आहेत. बंदूक या शब्दांत पिस्तूल, तमंचा, रायफल हीं सर्व आलीं असें समजावें.

सन २००७ मध्यें ‘हार्वर्ड जर्नल ऑफ लॉ अँड पब्लिक पॉलिसी’ या अमेरिकन नियतकालिकांत डॉन केट्स व गॅरी माउझर या दोघांचा एक विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. बंदुकांस बंदी केल्यानें खून व आत्महत्या कमी होतील काय, हा त्याचा विषय. उत्तर नकारार्थी आहे. निबंध टीपांनीं गच्च भरलेला असून परिश्रमानें लिहिलेला आहे, यांत शंका नाहीं. त्यांतील एका कोष्टकांत यूरोप खंडांतील देश खुनांच्या उतरत्या क्रमानें मांडिले आहेत. पहिली ओळ रशियाची : सन २००२ मध्यें दर लाखास २०.५४ खून, आणि बंदुका दर शंभरांस अवघ्या चार. दुसरी लक्झेंबर्गची : त्याच सालीं ९.०१ खून, बंदुका जवळ जवळ शून्य. तळाशीं जर्मनी, ०.९३ खून व शंभरांस तीस बंदुका. आणि नॉर्वे, ०.८१ खून व शंभरांस छत्तीस बंदुका. कागद पाहतांच मन एका बाजूस झुकतें. बंदुका नाहींत तेथें खून, आणि बंदुका भरपूर तेथें शांतता! लेखकांनीं मजकुरांतही लक्झेंबर्गचा मुद्दाम दाखला घेऊन, तेथें पिस्तुलांस पूर्ण बंदी असतां खुनाचें मान जर्मनीच्या नऊपट आहे, असें दाखविलें आहे.

आतां ही दुसरी ओळ जरा उजेडांत धरून पाहूं. लक्झेंबर्ग हें केवढेंसें संस्थान! सन २००२ मध्यें त्याची सारी वस्ती साडेचार लाखांच्या आंत होती. दर लाखास नऊ, म्हणजे त्या एका वर्षांत चाळीस खून झाले पाहिजेत. एवढ्या लहान, संपन्न व निवांत मुलखांत एका वर्षीं चाळीस माणसें मारलीं गेलीं असतीं, तर तें वर्ष आपल्याकडील दुष्काळाच्या वर्षाप्रमाणें लोकांच्या तोंडीं राहिलें असतें. त्या देशाचे आगचे-मागचे आंकडे तर दर लाखास एक-दोन याच मर्यादेंतले आहेत. ९.०१ च्या जागीं ०.९ असें वाचलें कीं चाळीसांचे चार होतात, आणि ती ओळ निमूटपणें आपल्या शेजाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसते. दशांशचिन्ह एक घर सरकलें, हीच येथें सयुक्तिक उपपत्ति होय. ती आमच्या आधीं इतरांनींही सुचविली आहे.

हा अपपाठ शिरला कसा, याचा माग निबंधाच्या टीपेंतच सांपडतो. खुनांचे आंकडे त्या त्या देशाच्या दप्तरांतून काढिलेले नाहींत. कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्याचें खुनांविषयीं एक वार्षिक निघतें, त्यांतून ते उतरून घेतलेले आहेत. म्हणजे मूळ दप्तर लक्झेंबर्गचें, त्याची नक्कल कॅनडांत, आणि नकलेची नक्कल अमेरिकेंत. पोथ्या बाळगणाऱ्यांस हें नवल नाहीं. एका कुळाच्या मूळ पोथींत चूक शिरली कीं त्या कुळांतील सर्व पोथ्यांत ती दिसूं लागते, व दहा पोथ्यांचा एक पाठ म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष, हें आपण जाणतों. येथें तसेंच झालें. निबंध प्रसिद्ध झाल्यावर तो आंकडा वर्तमानपत्रांत, पत्रकांत व भाषणांत फिरूं लागला आणि पुष्कळ ठिकाणीं आढळतो म्हणूनच विश्वसनीय वाटूं लागला.

लेखकांनीं जाणूनबुजून खोटें लिहिलें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मात्र एखादा असंभाव्य आंकडा आपल्या सिद्धांतास अनुकूल असला म्हणजे तो तपासण्याची बुद्धि सहसा होत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. बखरकार लाख लाख घोडा लिहितो तेव्हां आपण दाणावैरणीचा व कूचमुक्कामाचा हिशेब मांडून पाहतों. तेवढा हिशेब येथेंही पुरेसा होता. तो एका ओळींत होतो.

लक्झेंबर्ग गेलें तरी रशियाची ओळ शिल्लक राहते, व ती खरी आहे. परंतु ती सांगते काय? सोविएट सत्ता सन १९९१ मध्यें मोडली. पुढील तीन-चार वर्षांत रशियांतील खुनांचें मान १९९० च्या मानानें दुपटीहून अधिक झालें. राज्य ढासळलें, धंदे बसले, दारू वाढली; सुरी, कुऱ्हाड किंवा हाताला लागेल तें हत्यार यांनीं माणसें मेलीं. पुढें तें मान ओसरत जाऊन सन २०१७ मध्यें दर लाखास दहांच्या खालीं आलें. या साऱ्या चढउतारांत बंदुकांचा संबंध फार थोडा. बंदुकांवांचूनही पुष्कळ खून होऊं शकतात एवढेंच यावरून सिद्ध होतें, आणि तें कोणीही नाकारीत नाहीं. बंदुका असल्या तर काय होईल, या प्रश्नास रशियाची ओळ मुकी आहे. गंमत अशी कीं, सन २०१७ च्या स्थितीविषयीं जो अंदाज पुढें प्रसिद्ध झाला त्यांत रशियांतील बंदुका शंभरांस चार नसून बारांहून अधिक धरल्या आहेत. दोन कोष्टकें शेजारीं ठेवून कोणीं वाचलीं तर बंदुका तिप्पट झाल्या व खून निम्म्यावर आले, असा चमत्कार त्यांतून निघेल.

हें बंदुकांच्या रकान्याकडे वळण्यास पुरेसें निमित्त आहे. या रकान्याचें प्रमुख साधन म्हणजे जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचे अंदाज. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें जगांत प्रजेच्या हातीं ८५ कोटी ७० लाख बंदुका होत्या. त्यांपैकीं कोणत्याही सरकारच्या वहींत नोंदलेल्या सुमारें १० कोटी. उरलेल्या घरोघरच्या चौकश्या, जाणत्यांचे तर्क, शेजारच्या देशाशीं साम्य, अशा नाना वाटांनीं आलेल्या आहेत. संस्था हें सर्व उघडपणें सांगते; दोष आहे तो उतरून घेणाऱ्यांचा. त्याच संस्थेनें सन २००७ मध्यें स्वित्झर्लंडांत दर शंभरांस सुमारें ४६, फिनलंडांत ४५ व जर्मनींत ३० बंदुका सांगितल्या होत्या. सन २०१७ साठीं तेच आंकडे अनुक्रमें सुमारें २८, ३२ व २० असे आहेत. दहा वर्षांत या बंदुका गेल्या कोठें? त्या कोठेंही गेल्या नाहींत. मोजण्याची रीति बदलली. अमेरिकेचा आंकडा मात्र कोणत्याही रीतीनें मोजला तरी सर्वांच्या वर राहतो : सन २०१७ साठीं दर शंभर माणसांस १२० हून अधिक, म्हणजे माणसांपेक्षां बंदुका जास्त. दुसऱ्या क्रमांकाच्या येमेनमध्यें त्या ५३ च्या आसपास. एवढी मोठी तफावत असली म्हणजे अंदाजाची कसर तिला झांकूं शकत नाहीं. पण स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांच्यांत अमक्याकडे आठ बंदुका अधिक, म्हणून तमका निष्कर्ष, असा वाद ज्यांनीं घातला त्यांनीं वाळूवर रेघा ओढल्या असें म्हणावें लागतें.

खुनांचा रकाना यापेक्षां बरा, कारण प्रेत लपविणें बंदूक लपविण्याहून कठीण. तरीही तो एकजिनसी नाहीं. अमेरिकेंतच दोन दप्तरें आहेत. पोलीस खात्यांकडून येणारी गणती सन २०१७ साठीं सुमारें १७,३०० खून सांगते, व मृत्युपत्रकांवरून केलेली आरोग्यखात्याची गणती सुमारें १९,५०० सांगते. एकांत गुन्हा मोजला आहे, दुसऱ्यांत मृत्यु. आपल्याकडे त्याच वर्षीं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत खुनाचीं प्रकरणें २८,६५३ आहेत, म्हणजे दर लाखास दोन-सव्वादोन. पण हुंडाबळीचें सदर निराळें असून त्यांत आणखी ७,४६६ मृत्यु आहेत. ते मिळविले तर मान पावणेतीनांच्या घरांत जातें. सासरीं जाळून मारिलेली सून खुनाच्या रकान्यांत घालावयाची कीं नाहीं, हें येथें दंडसंहितेच्या कलमानें ठरतें. परदेशचा कोष्टककार तें पाहण्यास थांबत नाहीं.

इंग्लंडचें उदाहरण तर कालनिर्णयाच्या अभ्यासकांनीं जपून ठेवण्यासारखें आहे. स्कॉटलंडांतील डनब्लेन गांवीं मार्च १९९६ मध्यें एका माणसानें शाळेंत शिरून सोळा मुलें व त्यांची शिक्षिका यांस गोळ्या घातल्या. त्यानंतर सन १९९७ च्या कायद्यांनीं खाजगी पिस्तुलांस जवळ जवळ पूर्ण बंदी झाली. पुढें सन २००२-०३ च्या अहवालांत इंग्लंड व वेल्स येथील खुनांची संख्या एकदम उसळून हजाराच्या वर गेलेली दिसते, आणि बंदीनें खून वाढविले असा डांगोरा पिटणारांस तें साल आयतेंच सांपडलें. वस्तुतः त्या संख्येंत १७२ मृत्यु एकट्या हॅरोल्ड शिपमन या डॉक्टराच्या नांवावर आहेत. त्यानें आपल्या वृद्ध रोग्यांस अफूच्या अर्काच्या सुया टोंचून अनेक वर्षें मारिलें. चौकशीचा निर्णय सन २००२ मध्यें झाला, म्हणून नोंद त्या वर्षीं पडली. तसेंच हिल्सबरो येथील क्रीडांगणांत एप्रिल १९८९ मध्यें चेंगरून मेलेले ९६ लोक, सन २०१६ मध्यें पंचांनीं तो बेकायदा वध ठरविल्यामुळें, मार्च २०१७ अखेरच्या वर्षाच्या गणतींत आले. घटनेचा काल व नोंदीचा काल हे दोन भिन्न आहेत, ही गोष्ट ज्यानें एकदां तरी निवाडपत्र वाचलें आहे त्यास सांगावयास नको.

आजच्या कोष्टकांची ही अवस्था असल्यामुळें कित्येक विद्वान् जुन्या कागदांकडे वळले, व त्यांत त्यांना अधिक भक्कम भूमि सांपडली असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत कॉरोनर हा हुद्दा सन ११९४ मध्यें निर्माण झाला. (मुंबई शहरांतही या नांवाचा अधिकारी होता, तें पद सन १९९९ मध्यें बंद झालें.) अपमृत्यु झाला कीं त्यानें जागेवर जावें, आसपासचे लोक जमवावेत, जखमांची लांबी-खोली पहावी, व हकीकत चर्मपत्राच्या गुंडाळींत लॅटिन भाषेंत नोंदवावी, असा शिरस्ता. हेतु न्यायाचा कमी व महसुलाचा जास्त होता. नॉर्मन मनुष्य मारला गेला व मारेकरी न मिळाला तर सर्व टापूवर दंड बसे. त्या दंडाचेंच नांव मुर्ड्रम्, आणि इंग्रजींतील खुनाचा शब्द त्याच्याच कुळांतला. हा दंड सन १३४० मध्यें उठला. दुसरी चाल अशी होती कीं ज्या वस्तूनें मृत्यु आला ती राजाकडे जमा व्हावी. म्हणून कॉरोनर हत्याराचें नांव लिही, आणि त्याची किंमतही लिही. सुरी अमुक पेनींची, काठी तमुक पेनींची. ही चाल सन १८४६ पर्यंत टिकली. आपल्या पेशवे दप्तरांत खुनाच्या हकीकती पुष्कळदां ‘गुन्हेगारी’च्या रकमेमुळेंच वांचल्या आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. सरकारचा पैसा ज्यांत गुंतला तो कागद टिकतो.

लंडन शहराच्या सन १३०० ते १३७८ या काळांतील उपलब्ध गुंडाळ्यांचा गोषवारा रेजिनाल्ड शार्प यांनीं सन १९१३ मध्यें छापिला. त्यावरून व तत्सम दप्तरांवरून जेम्स गिव्हन, बार्बरा हॅनावाल्ट, कार्ल हॅमर प्रभृतींनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खुनांचें मान काढिलें. टेड गर यांनीं सन १९८१ मध्यें व मॅन्युएल आयस्नर यांनीं पुढें तें शतकवार जुळविलें. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडांत दर लाखास वर्षाकाठीं सुमारें वीस खून; ऑक्सफर्ड गांवीं सन १३४० च्या पुढील कांहीं वर्षांत तर शंभराहून अधिक, कारण गांव विद्यार्थ्यांनीं भरलेलें, व विद्यार्थी कमरेस सुरी बांधणारे. सोळाव्या-सतराव्या शतकांत तें मान पांच-सातांवर, अठराव्यांत दोनांच्या आंत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एकाच्याही खालीं उतरलें.

या आंकड्यांतही खोट आहे. छेद अनिश्चित आहे : काळ्या रोगाच्या सांथीपूर्वीं लंडनची वस्ती चाळीस हजार म्हणणारे आहेत व ऐंशी हजार म्हणणारेही आहेत, आणि वस्ती दुप्पट धरली कीं खुनाचें मान निम्मे होतें. शिवाय त्या काळीं पोटांत सुरी लागलेला मनुष्य आठ-दहा दिवस कण्हून मरे, तो आज शस्त्रवैद्याच्या हातीं वांचला असता. पण दुसऱ्या आक्षेपाचें बळ मर्यादित आहे. वीसाचे दोन झाले ते सन १८०० पूर्वीं, आणि लिस्टरची जंतुघ्न शस्त्रक्रिया आली सन १८६७ मध्यें. उतार वैद्यानें घडविलेला नव्हे. कायदेकचेऱ्यांचा अंमल बसला, सूड घेण्याची प्रतिष्ठा गेली, इत्यादि कारणें देतात. त्यांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट हत्याराची. लंडनच्या त्या गुंडाळ्यांत सुऱ्या, कट्यारी, तरवारी, काठ्या, कुऱ्हाडी आहेत; बंदूक नाहीं. यूरोपांत तोफेचें सर्वांत जुनें ज्ञात चित्र आहे तें वॉल्टर द मिलमेट याच्या सन १३२६ च्या हस्तलिखितांत, आणि तें ऑक्सफर्डच्याच ख्राइस्ट चर्च या महाविद्यालयांत आहे. म्हणजे एक लेखक तोफेचें चित्र रंगवीत होता त्या दशकांत दुसरा सुरीची किंमत टिपीत होता. हातबंदूक घरांत येण्यास पुढें दोन शतकें गेलीं. सन १५४१ मध्यें आठव्या हेन्रीनें वर्षास शंभर पौंड उत्पन्न नसणारांस ती बाळगण्याची मनाई केली, यावरून ती बरीच पसरली होती हें उघड आहे. त्यानंतरच्या तीन शतकांत इंग्रजांच्या घरीं बंदुका वाढल्या आणि खून घटत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सन १८७० च्या कायद्याची दहा शिलिंगांची परवानापट्टी सोडली तर, पिस्तूल विकत घेण्यास तेथें फारसा अडथळा नव्हता. खरा निर्बंध सन १९२० मध्यें आला. तरी त्या काळीं खुनांचें मान आजच्याहून विशेष निराळें नव्हतें. बंदूक हें खुनाचें आदिकारण नव्हे, हा पक्ष या कागदांनीं सिद्ध होतो. बंदुकांनीं खून घटविले, हें मात्र सिद्ध होत नाहीं. एकाच काळीं दोन रेषा चालल्या, एक वर व एक खालीं, एवढ्यावरून एकीनें दुसरीस ओढलें असें म्हणतां येत नाहीं.

मग बंदूक निरुपद्रवी काय? येथें आमचें मत त्या निबंधकारांहून वेगळें पडतें. चूक आहे ती खुनांची एकच बेरीज घेण्यांत. बेरजेंत भिन्न भिन्न कुळांचे खून मिसळलेले असतात. ते वेगळे केल्यावांचून हत्याराचा हात दिसत नाहीं. अमेरिकेच्या मृत्युपत्रकांप्रमाणें सन २०१७ च्या सुमारें १९,५०० खुनांपैकीं १४,५४२ बंदुकीचे, व बाकीचे पांच हजारांच्या आंतबाहेर. तेथील वस्ती साडेबत्तीस कोट. म्हणजे बंदुकीवांचून झालेल्या खुनांचें मान दर लाखास दीड, व बंदुकीच्या खुनांचें साडेचार. इंग्लंड-वेल्समध्यें त्या सुमारास एकंदर मान एकाहून थोडें अधिक, आणि बंदुकीनें मेलेले वर्षास तीसच्या आसपास, म्हणजे दर लाखास अर्ध्या दशांशाइतके. सुरीचे व लाथाबुक्क्यांचे खून घेतले तर अमेरिका इंग्लंडच्या सवा ते दीडपट आहे; बंदुकीचे घेतले तर नव्वदपटींच्या आसपास. या एका तुलनेंत दोन्ही पक्षांस आपापला वाटा मिळतो. अमेरिकन समाज स्वभावतः थोडा अधिक हिंसक आहे हें खरें. एरिक मॉन्कोनेन यांनीं न्यूयॉर्कचीं दोनशें वर्षांचीं दप्तरें चाळून, तेथें बंदुका वगळल्या तरी खून लंडनहून अधिकच होते, असें दाखविलें आहे. परंतु दीडपट आणि नव्वदपट यांमधील अंतर स्वभावानें भरून निघत नाहीं.

या अंतराची फोड फ्रँकलिन झिमरिंग यांनीं सन १९६८ मध्यें शिकागोच्या पोलीस नोंदींवरून केली. त्यांनीं खून न पाहतां हल्ले पाहिले, हेंच त्यांचें चातुर्य. सुरीच्या हल्ल्यांशीं ताडून पाहतां बंदुकीचे हल्ले सुमारें पांचपट प्राणघातक ठरले. आणि सुरी चालविणारांपैकीं पुष्कळांनींही घाव मर्मावरच घातलेला होता, म्हणजे इराद्यांत तितका फरक नव्हता. पुष्कळसे खून आगाऊ ठरविलेले नसतात. दारूच्या गुत्त्यांत, जुगाराच्या फडावर, घरच्या उंबऱ्यांत बाचाबाची होते व हाताला जें लागतें तें उचललें जातें. तें काय असावें, यावर भांडण पोलिसांत संपतें कीं स्मशानांत, हें पुष्कळ अंशीं अवलंबून राहतें.

देशादेशांची तुलनाही अशीच वेगळी करून पाहिली तर ती बोलूं लागते. मार्टिन किलियास या स्विस विद्वानानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सन २००१ मध्यें एकवीस देशांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदुकांची संख्या सरकारी अंदाजांवरून न घेतां, घरोघर केलेल्या आंतरराष्ट्रीय चौकशींत ‘तुमच्या घरीं बंदूक आहे काय’ या प्रश्नास लोकांनीं दिलेल्या उत्तरांवरून घेतली, हा पहिला गुण. एकंदर खुनांशीं व पुरुषांच्या खुनांशीं घरांतील बंदुकांचा संबंध दुबळा निघाला. बंदुकीनें मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या संख्येशीं, व बंदुकीनें केलेल्या आत्महत्यांशीं, मात्र तो फार बळकट निघाला. आमच्या मतें या वादांतील हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय. पुरुष बहुधा रस्त्यावर, टोळ्यांच्या भांडणांत, परक्याच्या व चोरट्या हत्यारानें मरतो. त्या हत्याराचा घरोघरच्या उत्तरांशीं संबंध थोडा. स्त्री बहुधा घरांत, ओळखीच्याच हातून मरते, आणि तेथें घरांतली बंदूकच कामास येते. दोन रकान्यांच्या कोष्टकांत हे दोन्ही मृत्यु एका बेरजेंत बुडून जातात, व मग संबंध नाहीं असा निकाल निघतो.

मध्य अमेरिकेच्या ओळीही अशाच वाचाव्या लागतात. एल् साल्वादोरमध्यें सन २०१७ साठीं दर शंभरांस बारा बंदुका, व खून दर लाखास साठांच्या वर. त्याच सुमारास सर्बियांत बंदुका एकोणचाळीस, व खून एकाच्या आसपास. साल्वादोरच्या बंदुका टोळ्यांच्या हातीं होत्या. सर्बियाच्या बंदुका युद्धानंतर घरोघर राहिल्या. संख्या सारखी असती तरी त्या दोन वस्तु एक नव्हत्या.

आपल्या देशाच्या ओळीवर येऊन हें टिपण थांबवितों. सन १८५७ नंतर इंग्रज सरकारनें प्रजेचीं शस्त्रें काढून घेतलीं, सन १८६० व १८७८ च्या कायद्यांनीं परवाना आवश्यक केला, व यूरोपियनांस सूट ठेविली; राष्ट्रीय सभेनें त्याविरुद्ध अनेक वर्षें ठराव केले. स्वतंत्र भारतानें सन १९५९ मध्यें नवा कायदा केला, पण परवान्याची चौकट राखिली, आणि सन २०१९ मध्यें तर एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. त्यामुळें नोंदवह्या आहेत, व त्या जिल्ह्याच्या कचेरींत पाहावयास सांपडतात. तरीही सन २०१७ च्या जिनिव्हाच्या अंदाजांत भारतांतील बंदुका ७ कोटी ११ लाख धरल्या असून त्यांपैकीं नोंदलेल्या केवळ ९७ लाख आहेत. सातांपैकीं सहा बंदुका म्हणजे निव्वळ अंदाज. आणि आपल्याकडे बंदुकीनें जे खून होतात त्यांतील बहुतेक बिनपरवान्याच्या हत्यारांनीं होतात, हें गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांवरून वर्षानुवर्षें दिसतें. कोष्टकांत भारतापुढें दर शंभरांस ५.३ एवढाच आंकडा लिहिलेला असतो. रत्नागिरीकडील बागाईतदारानें रानडुकरांसाठीं परवान्यानें घेतलेली ठासणीची बंदूक आणि मुंगेरकडचा चोरटा कट्टा हीं दोन्ही त्या आंकड्यांत एकाच वजनानें मोजलेलीं आहेत.